इंद्रायणीकाठचं भाषण कसं ऐकावं

आळंदीत सरकार वर्षातून दोनदा हमखास येतं. ज्येष्ठ वद्य अष्टमीला ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीचं प्रस्थान असतं तेव्हा, आणि कार्तिक वद्यात संजीवन समाधी सोहळा असतो तेव्हा. समाधीचं दर्शन होतं, डोक्यावर पगडी आणि गळ्यात वीणा येते, फोटो निघतात आणि मग माइक हातात येतो. या भाषणांतून इंद्रायणी सहसा सुटत नाही. ती पवित्र असते, जीवनदायिनी असते, आई असते आणि लवकरच निर्मळ होणार असते. त्याच सुमारास बंधाऱ्याखाली पांढऱ्या फेसाचे थर तरंगत असतात आणि त्यांचे फोटो दुसऱ्या दिवशीच्या पेपरात भाषणाच्या बातमीशेजारी छापून येतात.

सत्तेवर कोण आहे यावर या भाषणाचा मजकूर फारसा अवलंबून नसतो. गेल्या दोन-तीन दशकांत राज्यातल्या बहुतेक सगळ्या मोठ्या पक्षांनी सत्ता भोगली, त्यातले काही फुटले, काही जुळले. भाषण मात्र जवळजवळ तेच राहिलं. म्हणून हा लेख कोणा एका नेत्याविषयी नाही, भाषणाच्या बनावटीविषयी आहे. मोठे शब्द वापरणं हा काही गुन्हा नव्हे. पण छोट्या, अडचणीच्या प्रश्नांच्या जागेवर मोठे शब्द येऊन बसले की घोटाळा सुरू होतो. ते कसे बसतात हे आळंदीत नीट पाहता येतं.

आधी नदी, साध्या शब्दांत

भाषणात काय गाळलं जातं हे कळायला नदीचा मामला आधी ठाऊक हवा. तो साध्या शब्दांत सांगता येतो, हेही त्यातून दिसेल.

इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावते. कामशेत, तळेगावचा परिसर, देहू, तळवडे, चिखली, मोशी असं करत ती आळंदीला येते आणि पुढे तुळापूरला भीमेला मिळते. एकूण लांबी शंभर किलोमीटरच्या आसपास. भीमा उजनी धरणातून पुढे पंढरपूरला जाते आणि तिथे तिला चंद्रभागा म्हणतात. म्हणजे आळंदीच्या पाण्यात जे मिसळतं त्याची दिशाही पंढरपूरचीच असते.

देहूच्या खाली नदीच्या एका काठाला पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द आहे आणि दुसऱ्या काठाला खेड तालुक्यातली गावं व चाकणचा औद्योगिक पट्टा. घाण तीन वाटांनी येते. घराघरांतलं मैलापाणी, कारखान्यांचं आणि छोट्या वर्कशॉपचं सांडपाणी, आणि भंगाराच्या गोदामांतून, उघड्या नाल्यांतून वाहून येणारं बाकी सगळं. धुण्याच्या पावडरीतले आणि औद्योगिक साफसफाईच्या द्रावणांतले फेस करणारे घटक शुद्धीकरण न होता पाण्यात उतरतात. असं पाणी बंधाऱ्यावरून खाली आपटलं की त्यात हवा घुसळली जाते आणि फेस धरतो. पाऊस सरला आणि नदीचं स्वतःचं पाणी कमी झालं की सांडपाण्याचा वाटा वाढतो आणि फेस दाट होतो. यात गूढ काही नाही.

नदी कितपत बिघडली हे मोजायची मापंही ठरलेली आहेत. आंघोळीयोग्य पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष असा : बीओडी लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या आत, विरघळलेला ऑक्सिजन किमान ५ मिलिग्रॅम, आणि विष्ठेतून येणाऱ्या कोलिफॉर्म जिवाणूंची संख्या १०० मिलिलिटरला फार तर २,५००. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन. तो आकडा वाढला की माशांच्या वाट्याचा ऑक्सिजन संपतो. याच केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे जाहीर केले. त्यातले ५३ महाराष्ट्रातले होते आणि त्यांत इंद्रायणीही होती.

आता जबाबदारी कोणाची? वरच्या अंगाला लोणावळा आणि तळेगाव दाभाडे या नगरपरिषदा, मध्ये देहू नगरपंचायत आणि अनेक ग्रामपंचायती, मग पिंपरी-चिंचवड महापालिका, पुढे आळंदी नगरपरिषद. उद्योगांसाठी एमआयडीसी, महापालिकेबाहेरच्या भागासाठी पीएमआरडीए, धरणं-बंधाऱ्यांसाठी जलसंपदा विभाग, आणि सगळ्यांवर देखरेख ठेवायला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. नदी एक आणि मालक दहा. मोठ्या भाषणाला याहून सोयीची जागा सापडणार नाही.

नमुन्याचं भाषण

खालचं भाषण कोणा एकाचं नाही. अशी भाषणं ऐकलेल्या कुणालाही ओळखू येईल अशा बेताने ते मी जुळवलं आहे.

“माऊलींच्या या पावन भूमीत मी मंत्री म्हणून नाही, एक साधा वारकरी म्हणून आलो आहे. इंद्रायणी ही आपल्यासाठी केवळ नदी नाही, ती आपली माता आहे. तिच्या निर्मळतेसाठी आमचं शासन कटिबद्ध आहे. सर्व संबंधित यंत्रणांना युद्धपातळीवर उपाययोजना करण्याच्या सूचना देण्यात आल्या आहेत. त्यासाठी निधीची कमतरता पडू दिली जाणार नाही. कोणी दोषी आढळल्यास त्याची गय केली जाणार नाही. परंतु हे केवळ शासनाचं काम नाही, ही लोकचळवळ झाली पाहिजे. बोला, ज्ञानोबा माऊली तुकाराम!”

आळंदी हे कीर्तनाचं गाव. जोग महाराजांनी इथे १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली आणि तेव्हापासून इथून कीर्तनकार घडून बाहेर पडत आहेत. वारकरी कीर्तनात अभंग नुसता म्हणून सोडत नाहीत. एकेक चरण घेऊन त्याचं निरूपण करावं लागतं, दृष्टान्त द्यावा लागतो. वरच्या भाषणाने कीर्तनातलं नमन घेतलं, शेवटचा गजर घेतला आणि मधलं निरूपण गाळलं. ते आपण करू.

*“मंत्री म्हणून नाही, वारकरी म्हणून.”* हे वाक्य नम्र वाटतं आणि ऐकणाऱ्याला आवडतं. पण प्रदूषण करणाऱ्या कारखान्याची वीज तोडण्याचा अधिकार वारकऱ्याला नसतो. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम ३३-अ नुसार कारखाना बंद करण्याचे, त्याची वीज आणि पाणी तोडण्याचे आदेश प्रदूषण नियंत्रण मंडळ देऊ शकतं, आणि ते मंडळ पर्यावरण खात्याच्या अखत्यारीत येतं. बोलणारा ज्या पदामुळे उत्तर द्यायला बांधील आहे, नेमकं तेच पद तो व्यासपीठावर येताना बाहेर काढून ठेवतो. त्यानंतर प्रश्न विचारायचा तो कोणाला?

*“केवळ नदी नाही, माता आहे.”* भावना खरी असू शकते. श्रोत्यांची तर असतेच. पण नदीबाबत बीओडी किती, नाले किती, हे विचारता येतं. आईबाबत असलं काही विचारणं औचित्याला धरून होत नाही. विषय मोजता येणाऱ्या जागेवरून उचलून पूजेच्या जागेवर ठेवला की आकडे विचारणारा माणूसच रुक्ष, वेळप्रसंगी अश्रद्ध ठरतो. या भाषणात सर्वांत जास्त काम हे वाक्य करतं, आणि टाळ्याही बहुधा यालाच पडतात.

*“शासन कटिबद्ध आहे.”* कटिबद्ध, प्रयत्नशील, सकारात्मक, गंभीर, संवेदनशील. ही सगळी मनाची अवस्था सांगणारी विशेषणं आहेत. काम सुरू आहे की नाही हे जाऊन पाहता येतं. सरकार किती कटिबद्ध आहे हे कुठे जाऊन पाहणार? जे वाक्य खोटं ठरूच शकत नाही, त्यातून माहितीही काही मिळत नाही.

*“सूचना देण्यात आल्या आहेत.”* कोणी दिल्या, कोणाला दिल्या, कोणत्या तारखेच्या पत्राने दिल्या? मराठी सरकारी भाषेत “करण्यात येईल”, “देण्यात आल्या”, “घेतला जाईल” अशी रचना इतकी मुरली आहे की त्यात माणूस नाही हे ध्यानातही येत नाही. “सर्व संबंधित यंत्रणा” म्हटलं की वर मोजलेले दहाही मालक त्यात येतात आणि एकाचंही नाव घ्यावं लागत नाही. सर्वांना सूचना म्हणजे प्रत्येकाला हात झटकायची मोकळीक. “युद्धपातळीवर” या शब्दाने घाई सुचवली जाते, तारीख मात्र दिली जात नाही.

*“निधीची कमतरता पडू दिली जाणार नाही.”* यात निधी किती, हे नाही. कुठल्या लेखाशीर्षाखाली, कुठल्या वर्षी, हेही नाही. कमी पडू देणार नाही असं म्हणायला मुळात किती लागतो हे माहीत असावं लागतं, आणि तो आकडा सांगितला की तो पुढे मोजला जातो.

*“दोषी आढळल्यास गय नाही.”* वाक्याचा सगळा भार “आढळल्यास” या एका शब्दावर आहे. शोधणार कोण, किती दिवसांत, कशावरून? शोधायचंच नाही असं ठरवलं तर हे वाक्य जन्मभर पाळता येतं.

*“ही लोकचळवळ झाली पाहिजे.”* नदीत निर्माल्य, प्लास्टिक टाकणारे आपणच असतो, हे खरं. तेवढ्यापुरतं आवाहन योग्यच आहे. पण लाखो लोकांच्या शहराचं मैलापाणी शुद्ध करायला केंद्र लागतं, वाहिन्या लागतात, पंप लागतात, वीज लागते. घाटावरचा कचरा वेचून हे काम होत नाही. दोन कामं एका वाक्यात मिसळली की शासनाचं काम हळूच नागरिकांच्या खांद्यावर येतं आणि नदी साफ झाली नाही तर दोषही त्यांचाच.

*आणि शेवटी गजर.* “बोला” म्हटल्यावर न बोलणारा माणूस आळंदीत सापडणार नाही, सापडूही नये. पण हा जयघोष माऊलींचा होता की आधीच्या सात वाक्यांना मिळालेली संमती, हे वेगळं काढता येत नाही. भाषण संपतं ते प्रश्नोत्तरांनी नाही, नामघोषाने.

आठ वाक्यांत कर्ता नाही, संख्या नाही, तारीख नाही, रक्कम नाही. बोलाचीच कढी, पण वाढणारा मोठा तयारीचा. एवढं सगळं गाळूनही कुणाला काही कमी पडल्यासारखं वाटत नाही.

राजकीय भाषेचा हा गुण इंग्रज लेखक जॉर्ज ऑरवेल यांनी १९४६ मध्ये राजकारण आणि इंग्रजी भाषेवरच्या आपल्या निबंधात उलगडला होता. वापरून गुळगुळीत झालेली रूपकं, कर्ता लपवणारी वाक्यरचना आणि वजनदार पण पोकळ शब्द, ही त्यांची यादी आपल्या यादीशी बरीच जुळते. म्हणजे रोग एका भाषेचा नाही. प्रत्येक भाषा त्याला आपापल्या ठेवणीतले कपडे घालते, आणि आपल्याकडे ते संतांच्या नावाचे असतात.

“मंजूर” या शब्दाच्या पायऱ्या

आकडा दिला म्हणजे सरळ बोलणं झालं असंही नाही. इंद्रायणीच्या सुधारणेसाठी पाचशे कोटींहून मोठे आकडे बातम्यांत येऊन गेले आहेत. असा आकडा आला की लोक म्हणतात, “चला, पैसे आले.” पण सरकारी कामात घोषणा आणि नळातून पडणारं पाणी यांच्यामध्ये मोठा जिना असतो.

पहिली पायरी घोषणेची. दुसरी तत्त्वतः मान्यता, म्हणजे कल्पना आवडली एवढंच. तिसरी सविस्तर प्रकल्प अहवाल, ज्याला सगळे डीपीआर म्हणतात. मग प्रशासकीय मान्यता, म्हणजे एवढ्या खर्चाचं काम करायला हरकत नाही असा लेखी होकार. मग तांत्रिक मान्यता. मग निविदा, आणि ती फिरून पुन्हा काढावी लागली तर फेरनिविदा. मग कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराच्या हातात पडणारं पत्र. मग प्रत्यक्ष काम. मग चाचणी. आणि शेवटी रोज चालणारं केंद्र, त्याचं वीजबिल, त्याचे कर्मचारी आणि त्याच्या पाण्याचे तपासणी अहवाल.

“मंजूर झालं” हा शब्द यातल्या निदान चार पायऱ्यांवर सर्रास वापरला जातो. एकच प्रकल्प चार वेळा मंजूर होऊ शकतो आणि चारही वेळा पेढे वाटता येतात. कोणीही खोटं बोललेलं नसतं. ऐकणारा मात्र प्रत्येक वेळी शेवटची पायरी समजून बसतो.

पैशांचंही तसंच. अर्थसंकल्पातली तरतूद, प्रत्यक्ष वितरित झालेली रक्कम आणि खर्च झालेली रक्कम हे तीन वेगळे आकडे असतात. भाषणात पहिला येतो, कारण तो सर्वांत मोठा असतो. राज्य सरकारच्या बीम्स या संगणक प्रणालीवर निधीवितरणाची नोंद होते. म्हणजे फरक लपलेला नसतो, फक्त व्यासपीठावर सांगितला जात नाही.

म्हणून “मंजूर” ऐकलं की एकच प्रश्न : कोणत्या पायरीवर?

सरळ का बोलत नाहीत

याला लबाडी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्याने काही उलगडत नाही. सरळ बोलण्याची किंमत असते आणि ती बोलणाऱ्यालाच भरावी लागते.

समजा, एखादा मंत्री म्हणाला की अमुक नाल्यातून येणारं मैलापाणी महापालिकेचं आहे. महापालिका त्याच्याच पक्षाकडे असेल तर घरातलं भांडण होतं, दुसऱ्याकडे असेल तर चेंडू टोलवल्याचा आरोप होतो. समजा तो म्हणाला की छोट्या वर्कशॉपचं पाणी नदीत सुटतं. भोसरी, चिखली, तळवडे, चाकण या पट्ट्यात हजारो घरांची चूल त्या वर्कशॉपवर पेटते, आणि त्या चुलींना मतंही असतात. नदीपात्रालगतची बांधकामं काढावी लागतील असं म्हटलं तर घर घेताना फसलेले लोक दारात येतात.

ही शक्यता हवेतली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखली भागातली चार हजारांहून अधिक बांधकामं पाडली. त्यात भंगाराची गोदामं आणि छोटे कारखाने मोठ्या संख्येने होते. त्याच वर्षी मे महिन्यात चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले जमीनदोस्त झाले. राष्ट्रीय हरित लवादाने आधीच तसा आदेश दिला होता आणि सर्वोच्च न्यायालयातही रहिवाशांना दिलासा मिळाला नाही. “नदीपात्र मोकळं करू” या सुबक वाक्याचा सरळ अर्थ कोणाच्या तरी डोक्यावरचं छप्पर किंवा हातातला रोजगार जाणं असा होतो. बांधकामं उभी राहत असतानाच कोणी स्पष्ट बोललं असतं, तर जेसीबी यायच्या आधी लोक सावध झाले असते. गुळमुळीत बोलण्याचं बिल शेवटी कोणाला तरी भरावंच लागतं, फक्त ते बोलणाऱ्याच्या नावावर फाटत नाही.

दुसरं कारण काळाचं. शुद्धीकरण केंद्र उभं राहून सुरळीत चालायला वर्षं लागतात. मंत्रिपद, पालकमंत्रिपद आणि आयुक्तांची बदली यांचं वेळापत्रक त्याहून आखूड असतं. भूमिपूजन करणारा आणि फीत कापणारा वेगळे असण्याचीच शक्यता जास्त. आपल्यानंतरच्या तारखेला स्वतःला कोण बांधून घेईल?

तिसरं कारण, विचारणारा नसतो. मार्च २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासकाचा कारभार होता. सर्वसाधारण सभेत उभं राहून “माझ्या प्रभागातला नाला नदीत का सुटतो” असं विचारणारा नगरसेवकच नव्हता. सभागृहातला प्रश्न बंद पडला की व्यासपीठावरचं भाषण तेवढं उरतं.

मोठं बोलूनही सरळ बोलता येतं

भव्य भाषा आणि स्पष्ट भाषा यांचं जन्मजात वैर नाही. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी १९६१ मध्ये संसदेपुढे चंद्राची भाषा केली, तीत भव्यता भरपूर होती. पण मधोमध एक वाक्य कोरडं होतं : हे दशक संपायच्या आत माणूस चंद्रावर उतरवायचा आणि सुखरूप परत आणायचा. काम ठरलेलं, मुदत ठरलेली, आणि “सुखरूप” म्हटल्यामुळे पळवाटही बंद. जुलै १९६९ मध्ये ते झालं. झालं नसतं तर तेही सगळ्यांना कळलं असतं.

नदीचंच उदाहरण हवं तर सिंगापूरचं घ्या. तिथले पंतप्रधान ली क्वान यू यांनी १९७७ मध्ये सांगितलं की दहा वर्षांनी सिंगापूर नदीत मासे धरता आले पाहिजेत. त्यासाठी परिसरातली डुकरं-बदकं पाळण्याची शेकडो ठिकाणं हलवावी लागली, फेरीवाल्यांना नव्या जागा द्याव्या लागल्या, झोपड्यांतल्या कुटुंबांचं पुनर्वसन करावं लागलं. अनेकांच्या पोटावर पाय आला आणि त्यावर टीकाही झाली. पण १९८७ साली काम झालं की नाही हे पाहायला तज्ज्ञ लागला नाही. सामान्य माणसाला तपासता येईल अशी कसोटी सुरुवातीलाच दिलेली होती.

आपल्याकडेही असं एक वाक्य सापडतं. केंद्राने २०१४ मध्ये नमामि गंगे हाती घेतल्यावर राज्याने २०१६ मध्ये त्याच धर्तीवर “नमामि चंद्रभागा” जाहीर केलं. देवेंद्र फडणवीस तेव्हा मुख्यमंत्री होते, सुधीर मुनगंटीवार अर्थमंत्री. २०१६-१७ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी २० कोटी रुपयांची तरतूद झाली आणि नदी प्रदूषणमुक्त करण्यासाठी २०२२ हे साल सांगितलं गेलं. नाव स्तोत्रासारखं होतं, पण त्याला साल जोडलेलं होतं. ते साल होऊन गेलं आणि चंद्रभागेला मिळणाऱ्या इंद्रायणीवर त्यानंतरही फेस आला. मुदत पाळली गेली नाही, हे आज आपण ठामपणे म्हणू शकतो ते केवळ मुदत दिली होती म्हणून. घोषणेतला सर्वांत प्रामाणिक भाग तोच होता. खंत अशी की अशा अनुभवातून “तारीख पाळू” हा धडा न घेता “तारीखच देऊ नये” हा धडा घेतला जातो.

विचारायचं कसं, नोंदवायचं कुठे

कीर्तनाच्या परंपरेत प्रश्नांनाही जागा आहे. गाडगेबाबांचं कीर्तन म्हणजे बऱ्याच अंशी समोरच्या माणसाला प्रश्न विचारणं होतं. साधा प्रश्न, त्याच्याच तोंडून उत्तर, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न, आणि बघता बघता माणूस स्वतःच्या वागण्यासमोर येऊन उभा राहायचा. हेच तंत्र भाषणाला लावता येतं. चार प्रश्न पुरतात : कोण करणार? किती करणार? कधीपर्यंत? नाही झालं तर काय?

पण व्यासपीठासमोर उभं राहून हे विचारायची सोय नसते, आणि सोहळ्यात तसं करणं कुणालाही रुचणार नाही. त्यासाठी वेगळ्या जागा आहेत.

पहिली जागा विधिमंडळ. व्यासपीठावर दिलेलं वचन हवेत विरतं, सभागृहात दिलेलं कागदावर राहतं. आपल्या आमदाराकडून तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना मांडून घेता येते. मंत्र्याने सभागृहात दिलेली आश्वासनं आश्वासन समितीकडे जातात. लोकसभेत अशी समिती १९५३ पासून आहे, महाराष्ट्र विधिमंडळातही आहे. गंमत म्हणजे कोणती वाक्यं आश्वासन मानायची याची लोकसभेने नमुनायादीच केलेली आहे. “बाब विचाराधीन आहे”, “मी यात लक्ष घालीन”, “चौकशी सुरू आहे, माहिती दिली जाईल” अशी वरकरणी निसटती वाक्यंही तिथे आश्वासन धरली जातात आणि त्यांची पूर्तता तीन महिन्यांत अपेक्षित असते. गुळमुळीत वाक्यालाही बांधून ठेवायची सोय संसदेने शोधून काढली आहे, ती यासाठीच.

दुसरी जागा माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं, पण कायद्यात मिळते ती नोंदीत असलेली माहिती, मतं किंवा भाकितं नव्हेत. “इंद्रायणी कधी स्वच्छ होणार?” असा अर्ज केला तर तो परत येणार. “चिखली मैलाशुद्धीकरण केंद्रात गेल्या बारा महिन्यांत रोज किती मैलापाणी आलं, किती शुद्ध झालं, बाहेर पडलेल्या पाण्याचा बीओडी किती होता, त्या लॉगबुकच्या प्रती” असा अर्ज केला तर तो टाळणं अवघड आहे. “प्रदूषण मंडळ काय करतंय?” यापेक्षा “अमुक वर्षात या पट्ट्यात कलम ३३-अ खाली दिलेल्या आदेशांच्या प्रती” हे बरं. भाषणातलं विशेषण काढून त्याच्या जागी कागद मागायचा, एवढीच युक्ती.

तिसरी जागा प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पाणी तपासणीचे आकडे. मंडळ ते संकेतस्थळावर देतं. वर दिलेले तीन निकष वहीत लिहून घ्यावेत आणि आकडे शेजारी मांडावेत. दहावीच्या मुलालाही करता येईल असं हे काम आहे. आळंदी-देहूच्या शाळांनी ते प्रकल्प म्हणून घेतलं तर उत्तमच.

चौथी जागा आपण स्वतः. “वारकरी म्हणून आलो” याला टाळ्या आणि “दोन नाले अजून अडवायचे राहिलेत, पुढच्या मेपर्यंत अडवू” याला शांतता, असं आपण वर्षानुवर्षं वागलो तर पहिलं वाक्य वाढत जाणार आणि दुसरं मरणार. नेते श्रोत्यांकडूनच शिकतात, आणि फार लवकर शिकतात.

ज्ञानेश्वरीच्या शेवटी पसायदान येतं आणि आळंदीतल्या बऱ्याच भाषणांच्या शेवटीही त्याचा आधार घेतला जातो. फरक असा की पसायदानाच्या आधी सुमारे नऊ हजार ओव्यांचं काम पुरं झालेलं आहे, आणि तेही संस्कृत न जाणणाऱ्या माणसाला कळावं अशा भाषेत. मागणं शेवटी आलं, काम आधी. भाषणात मागणं असतं आणि आधीच्या नऊ हजारांची जागा कोरी असते.

ती जागा भरायची म्हटली तर भाषण कसं असेल? साधारण असं : “मोशी ते आळंदी या टप्प्यात नदीत सुटणाऱ्या नाल्यांची यादी इथे लावली आहे. प्रत्येक नाल्यापुढे जबाबदार अधिकाऱ्याचं पद आणि काम संपायची तारीख आहे. निम्म्या कामांचे कार्यादेश निघालेत, उरलेल्यांच्या निविदा निघायच्या आहेत. काही वर्कशॉपना पर्यायी जागा द्यावी लागेल, ती अजून मिळालेली नाही, आणि त्यामुळे काही लोक माझ्यावर नाराज होतील. पुढच्या वर्षी याच यादीवर काय झालं, काय राहिलं ते मी इथेच वाचून दाखवीन.”

या भाषणाला टाळ्या कमी पडतील आणि दुसऱ्या दिवशी मथळाही फिका असेल. यातली एखादी तारीख चुकेलही. पण ती चुकली हे सांगता येईल, कोणाकडून चुकली हे सांगता येईल, आणि यादी हातात घेऊन त्याच माणसाला विचारता येईल.